‘आई, डाटा संपलाय’

हातातलं काम चालू ठेवूनच ऐका. आज पोरांच्या मोबाइलबद्दल बोलायचं आहे. ‘दिवसभर त्यातच डोकं घालून बसतात’ ही तक्रार आपण सगळ्याच करतो, ती आज बाजूला ठेवू. शाळा-कॉलेजात जाणारी आपली लेकरं व्हॉट्सॲपवर, इन्स्टाग्रामवर लिहितात काय, आणि ते लिहून करतात काय, एवढंच बघू.

‘लिहून करतात’ हे ऐकायला जरा विचित्र वाटेल. एक मेसेज घ्या. सिरसाळ्याहून परळीला नाहीतर अंबाजोगाईला शिकायला राहिलेली मुलगी आईला लिहिते, ‘आई, डाटा संपलाय.’ यात मागणी कुठं आहे? ‘रिचार्ज कर’ असं ती म्हणालेली नाही. तिनं नुसती बातमी दिली. तरी आई पदरचे पैसे मोजते आणि मोबाइलच्या दुकानाकडं चालू लागते. ‘संपला का, बरं बरं’ एवढंच उत्तर आईनं पाठवलं तर लेक रुसेल, आणि रुसण्यात तिचं काही चुकणारही नाही. वाक्य बातमीचं होतं, काम मागण्याचं होतं.

हे आपल्याला नवीन नाही. सासूबाई ओसरीवरून म्हणतात, ‘आभाळ भरून आलंय.’ तेव्हा सून आभाळ बघत बसत नाही, वाळवण उचलायला धावते. ‘चार वाजले वाटतं’ म्हणजे चहा ठेव. कुणी न शिकवता आपण हे ओळखतो.

काही वेळा तर बोलणं हेच करणं असतं. गटाच्या बैठकीत अध्यक्षबाई ‘ठराव मंजूर’ म्हणतात त्याच क्षणी ठराव मंजूर होतो. मुकादमाकडून उचल घेताना घरधनी ‘दसरा झाला की येतो’ म्हणाला की शब्द दिला गेला, आणि त्या एका वाक्यावर अख्खं घर पाच-सहा महिने फडात जाऊन राहतं. आपली भाषाच बघा ना. आपण शब्द देतो, शब्द पाळतो, शब्द फिरवतो, कुणासाठी तरी शब्द टाकतो. जशी काही हातात धरायची वस्तूच आहे.

इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डचे प्राध्यापक जे. एल. ऑस्टिन यांनी 1955 साली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात यावर व्याख्यानं दिली. 1960 मध्ये ते वारले आणि 1962 मध्ये ती व्याख्यानं पुस्तक म्हणून निघाली. पुढं जॉन सर्ल यांनी तो विचार आणखी नीट मांडला. भाषाशास्त्र शिकणारी कॉलेजची पोरं हे सगळं परीक्षेपुरतं पाठ करतात. ऑस्टिन यांचं म्हणणं सोपं आहे. वाक्य काय सांगतं ते एक. ते बोलून माणूस काय करतो, म्हणजे मागतो की धमकावतो, वचन देतो की माफी मागतो, ते दुसरं. आणि ऐकणाऱ्यावर त्याचा काय परिणाम होतो ते तिसरं. समोरासमोर बसलं की ही तिन्ही बहुतेक वेळा जुळतात. मोबाइलवर फार वेळा जुळत नाहीत. का, ते बघू.

बीड जिल्ह्यातल्या किती घरांत दिवाळीच्या आगेमागे कुलूप लागतं, हे मी तुम्हाला काय सांगायचं! नवरा-बायकोचा कोयता पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात, आणि लेकरं आजीजवळ, हंगामी वसतिगृहात नाहीतर शहरातल्या खोलीवर. दोघांमधला धागा म्हणजे मोबाइल. आई दिवसभर मोळ्या बांधते, रात्री गाडी भरते, आणि मग कोपीत पाठ टेकल्यावर मेसेज बघते. पोराचा मेसेज असतो, ‘उद्या पैसे टाकणार’. पुढं ना प्रश्नचिन्ह, ना पूर्णविराम. आता हे काय आहे? ‘टाकणार का’ असं विचारतोय? की कुणाचे तरी पैसे तो भरणार आहे म्हणून कळवतोय? की हुकूम सोडतोय? तोच पोरगा समोर असता तर ‘टाकणार’चा शेवट वर चढवून बोलला असता आणि आईला एका क्षणात कळलं असतं. मराठीत प्रश्न विचारायला ‘का’ लागतो किंवा सूर लागतो. पोरं घाईत ‘का’ गाळतात, आणि सूर तर अक्षरांत येतच नाही. मग आई विचारात पडते, किंवा चिडते, ‘काय जहागीरदार झालास का’ म्हणते, आणि पोरगा गप्प बसतो.

त्यात बरीच पोरं मराठी इंग्रजी अक्षरांत लिहितात. ‘काल’ आणि ‘कळ’ एकाच स्पेलिंगमध्ये येतात, ‘कधी’ आणि ‘कढी’ही. जिला इंग्रजी अक्षरं वाचता येत नाहीत तिला तर मेसेज दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो, आणि वाचणारा स्वतःचा सूर त्यात घालतो. माझं मत विचाराल तर, दूर असलेल्या लेकराला ‘मला बोलूनच पाठव’ म्हणून सांगावं. व्हॉइस मेसेजमध्ये रडवेला आवाज लपत नाही.

आता पोरांच्या बाजूनंही बघू. मास्तरांशी त्यांचं बोलणं आता बरंचसं वर्गाच्या ग्रुपवर चालतं. पोरगी लिहिते, ‘सर मी उद्या येणार नाही’. तिच्या मनात परवानगी मागणं असतं. सरांना वाटतं, ही मला कळवून मोकळी झाली, उद्धट आहे. वर्गात तीच पोरगी दाराशी उभी राहिली असती, मान खाली, ओढणीशी चाळा करत, आणि अर्धी विनंती त्या उभं राहण्यातच झाली असती. मेसेजमध्ये उभं राहता येत नाही, म्हणून शब्द जास्त लागतात. ‘सर, आजीला दवाखान्यात न्यायचं आहे, उद्या सुट्टी मिळेल का?’ कारण आधी, विचारणं नंतर. एवढं आपण घरात शिकवू शकतो, त्याला इंग्रजी लागत नाही.

उलट घरात त्यांच्या नव्या शब्दांनी आपल्याला टोचतं. आपल्या माणसाला ‘धन्यवाद’ म्हणायची आपल्याकडं रीत नव्हती. ‘बरं झालं आलीस’ म्हटलं की आभार मानून झाले, ‘चुकलंच माझं’ म्हटलं की माफी मागून झाली. आता डबा पाठवला की लेकीचा ‘थँक्यू मम्मी’ येतो आणि वाटतं, ही मला परकी समजायला लागली की काय. तसं नसतं. तिच्या वयाच्या मुलींत ‘थँक्यू’ हा जिव्हाळ्याचा शब्द झालाय. ‘सॉरी’चं मात्र वेगळं आहे, तो शब्द फार स्वस्त झालाय. उशिरा उत्तर दिलं तरी सॉरी, मैत्रिणीचं गुपित चारचौघांत फोडलं तरी तेवढंच सॉरी. दुसऱ्या सॉरीला काही वजन राहत नाही, आणि पोरींची भांडणं अशाच सॉरीवरून महिनोन्‌महिने चालतात.

चित्रांचंही तसंच. जोडलेले हात म्हणजे नमस्कार, आभार, विनंती, श्रद्धांजली, आणि कधीकधी ‘बास कर बाई आता’सुद्धा. अंगठा म्हणजे ‘हो’ की ‘वाचलं’ की ‘मला बोलायचं नाही’? आपण मोठ्या बायका अंगठा दाखवतो तो कबुलीचा. पोरांना तो पुष्कळदा कोरडा, तुटक वाटतो. गटाच्या ग्रुपवर कुणाच्या मरणाची बातमी आली आणि खाली अंगठा पडला, असं तुम्हीही पाहिलं असेल. टाकणारीला म्हणायचं असतं ‘कळलं’, दिसतं भलतंच.

हे झालं रोजचं, हसण्यावारी नेण्यासारखं. आता दोन गोष्टी अशा, की जिथं एका बोटानं केलेलं काम फार दूर गेलं.

1 जुलै 2018. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज तेव्हा मोबाइलवरून फिरत होते. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं बाजाराच्या दिवशी त्या गावात आली होती, भिक्षा मागून पोट भरणारी. जमावानं त्यांना मुलं पळवणारे समजून ठार मारलं. असे मेसेज पुढं पाठवणाऱ्यातल्या बहुतेकांना कुणाला मारायचं नव्हतं. ‘जपून राहा’ म्हणून त्यांनी ते पाठवले असणार. पण ज्याची खात्री नाही त्याबद्दल सावध करणं म्हणजे आरोप करणंच. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढं पाठवता येईल अशी मर्यादा घातली आणि पुढं पाठवलेल्या मेसेजवर तशी खूण दिसू लागली. ती खूण दिसली की लेकराला विचारा, ‘हे तू पाहिलंस का, की नुसतं आलं म्हणून पाठवलंस?’

दुसरी गोष्ट पालघरची. नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. एका तरुण मुलीनं फेसबुकवर त्या बंदबद्दल प्रश्न विचारणारं काही लिहिलं. तिच्या मैत्रिणीनं त्याला ‘लाइक’ केलं. दोघींना अटक झाली. ‘लाइक’ करणं म्हणजे बोलणं आहे का, दुजोरा देणं आहे का, की नुसतं ‘वाचलं गं’ म्हणणं आहे? तेव्हा देशभर यावर चर्चा झाली. पुढं श्रेया सिंघल या तरुणीनं सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि 24 मार्च 2015 रोजी न्यायालयानं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं 66अ हे कलमच रद्द केलं. त्या मुलींवर अन्याय झाला होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण लेकरांना ही गोष्ट जरूर सांगा. आपण लाइक करतो एका अर्थानं, आणि बघणारा तो घेतो दुसऱ्याच अर्थानं.

जाता जाता, गटाच्या ग्रुपच्या ॲडमिन असलेल्या बायांसाठी. दुसऱ्या कुणी ग्रुपवर वाईट लिहिलं तर मला पोलीस धरतील का, असं बऱ्याच जणी विचारतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं 2021 मध्ये सांगितलं आहे की, तुमचा त्यात आधीपासून सामील हेतू नसेल तर नुसतं ॲडमिन आहात म्हणून गुन्हा लागत नाही. तरी वाईट लिहिलेलं दिसलं की काढून टाकावं आणि लिहिणाऱ्याला बजावावं.

आता ज्यासाठी मी हा विषय घेतला तिकडं येते.

आपल्याकडं ‘नाही’ म्हणायची पद्धत कशी आहे बघा. पाहुणा म्हणतो, ‘यंदा यात्रेला या.’ आपण म्हणतो, ‘बघू’. दोघांनाही कळतं की येणार नाही, आणि कुणाचंच मन मोडत नाही. मुलींना तर लहानपणापासून सांगितलेलं असतं, उलटून बोलू नये, तोडून बोलू नये. अशा मुलीला वर्गातला किंवा गावातला मुलगा रोज मेसेज करतो. ‘बोल ना.’ ‘एक फोटो टाक ना.’ ती लिहिते, ‘बघते’. किंवा ‘आत्ता नको’. किंवा एक हसरं चित्र टाकून गप्प बसते. तिनं तिच्या परीनं नकार दिला. त्यानं वाचलं ते असं, की आत्ता नको म्हणजे नंतर चालेल. काही मुलांना खरंच कळत नाही, काहींना कळून घ्यायचं नसतं. दोन्हींवर उपाय एकच, की मुलीला एकदा तरी सरळ लिहिता आलं पाहिजे, ‘मला तुझ्याशी बोलायचं नाही. मला मेसेज करू नको.’ सॉरी नाही, हसरं चित्र नाही, कारण नाही. हे घरात मोठ्यानं म्हणून घ्या, जशी आपण पाढे म्हणून घेतो. पोरींना ते जड जातं.

या सरळ वाक्याला कायद्यातही किंमत आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या 78 व्या कलमात पाठलाग हा गुन्हा आहे, आणि बाईनं नको असल्याचं स्पष्ट दाखवल्यावरही पुरुष पुन्हा पुन्हा संपर्क साधत राहिला तर तो त्यात बसतो. म्हणजे तिचं ते एक वाक्य पुरावा ठरतं. मुलगी अठरा वर्षांच्या आतली असेल तर पॉक्सो कायदाही आहे.

आणि मुलांच्या आयांनो, तुम्हीही ऐका. ‘बघते’ आणि ‘हो’ यात काय फरक असतो, हे मुलाला सांगायचं काम शाळा करणार नाही. ते तुमच्याकडूनच व्हायला हवं.

नकारानंतर काही वेळा सूर बदलतो. ‘तू बोलली नाहीस तर मी जिवाचं बरंवाईट करीन.’ वरवर हे दुःख सांगणं आहे. काम मात्र जबरदस्तीचं आहे, तिच्याकडून ‘हो’ काढून घ्यायचं. सोळा वर्षांची पोर हे वाचून रात्रभर झोपत नाही आणि कुणाला सांगत नाही, कारण तिला वाटतं याचा जीव माझ्या हातात आहे. तिला सांगा, तो तुझ्या हातात नाही. तो मुलगा खरंच बिथरलेला असेल, तर त्याच्या घरच्यांना किंवा मास्तरांना लगेच कळवायचं, आणि टेलिमानसचा 14416 हा फुकट नंबर आहे, तिथं मराठीत बोलता येतं. दुसरा प्रकार म्हणजे, ‘फोटो सगळ्यांना पाठवीन.’ ही उघड धमकी आहे, गुन्हा आहे. आणि इथंच आपली मोठी अडचण होते. पोरगी घाबरत घाबरत आईला मोबाइल दाखवते. ते दाखवणं म्हणजे ‘मला वाचव’ म्हणणं असतं. आई त्यात कबुली बघते, ‘तू फोटो पाठवलाच का’ म्हणून दोन थापडा देते, मोबाइल काढून घेते. पोरगी त्यानंतर तोंड उघडत नाही. धमकी देणाऱ्याला तर हेच हवं असतं. राग येणारच, तो चार दिवसांनी काढा.

असंच आणखी एक वाक्य. दहावी-अकरावीची मुलगी बाईंना किंवा मैत्रिणीला लिहिते, ‘मॅडम, घरी पाहुणे बघायला येणार आहेत.’ किंवा ‘मी आता कॉलेजला नाही येणार बहुतेक.’ वाचणारीला वाटतं, कळवलं तिनं. ती ‘बरं’ लिहिते, फार तर ‘अभिनंदन’ लिहिते. पण आपल्या जिल्ह्यात हे वाक्य नुसती माहिती असतं का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, 2019-21 च्या फेरीत, बीड जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या दर शंभर बायांमागे चाळीसहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. उसाला जाताना वयात आलेली पोर कुणाच्या भरवशावर ठेवायची, हा प्रश्न त्याच्यामागं आहे, आणि तो खोटा नाही. तरी ज्या मुलीला ‘मला लग्न करायचं नाही, मला शिकायचं आहे’ असं घरात तोंडानं म्हणता येत नाही, ती एवढंच लिहू शकते, ‘पाहुणे येणार आहेत’. तिनं बातमीच्या वेषात हाक मारलेली असते.

असा मेसेज आला तर लगेच उपदेश लिहू नका. आधी एक साधा प्रश्न विचारा, ‘तुला काय वाटतं?’ आणि ‘आत्ता फोन करू का, की घरी येऊ?’ कारण मोबाइल तिच्याच हातात आहे की भावाच्या, हे आपल्याला माहीत नसतं. लग्नाला मुलीचं वय अठरा आणि मुलाचं एकवीस पूर्ण लागतं, हा 2006 चा कायदा तुम्हाला ठाऊक आहे. गावात बालविवाह रोखायची जबाबदारी ग्रामसेवकांवर आहे, त्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, आणि अंगणवाडीताई त्यांना मदत करतात. मुलांसाठीचा 1098 हा नंबर दिवसरात्र चालतो. फोन करणाऱ्या बाईनं आपलं नाव सांगितलंच पाहिजे असं नाही.

आणि धमकीचे मेसेज असतील तर पोरगी म्हणेल, ‘काढून टाकते, नको ते डोळ्यांसमोर.’ काढू देऊ नका. तारीख, वेळ आणि समोरच्याचा नंबर दिसेल असा फोटो, म्हणजे स्क्रीनशॉट, काढून आपल्या मोबाइलवर घ्या, मगच त्याला ब्लॉक करा. पोलिसांकडं जाताना गटातली एखादी बाई सोबत घ्या. तातडी असेल तर 112, महिलांसाठी 181.